कोकणातल्या घराचं आवार: भिंत, फरसबंदी, बाग. भरवशाचा ठेकेदार कसा ओळखायचा?

उतारावरचं घर | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, दापोली तालुक्यात बारा गुंठ्यांचा तुकडा आहे. घर उन्हाळ्यात पुरं झालं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले. आर्किटेक्टचं काम घरापुरतंच होतं, त्यामुळे आवार तसंच राहिलंय. यंदाच्या पावसात गेटपासून पडवीपर्यंत लाल चिखल होता आणि खालच्या अंगाची माती शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेत उतरत होती. शेजारी भले आहेत म्हणून अजून बोलणं आहे.

जागा अशी: रस्ता वर, घर मधे, बाग खाली. करायचं ते असं. खालच्या हद्दीला साधारण साठ फूट लांब आणि सगळ्यात खोल जागी सहा फूट उंच अशी माती धरून ठेवणारी भिंत. वर दोन गाड्यांची जागा, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर तिथपर्यंत यायला हवा. गेटपासून घरापर्यंत पायऱ्या आणि वाट. आई ७८ वर्षांची आहे, ते लक्षात घेऊन. मग अंगण, आणि उरलेल्यात झाडं.

तिघांची अंदाजपत्रकं हातात आहेत.

पहिला पुण्याचा. लँडस्केपिंगचीच कामं करतो. लॅपटॉपवर आवार फिरवून दाखवलं, रात्रीचे दिवेसुद्धा लावून. एकरकमी ११ लाख, त्यातले निम्मे आधी. 'रिटेनिंग वॉल, पेव्हिंग, लॉन, प्लांटेशन कम्प्लीट' एवढ्या एका ओळीत सगळं.

दुसरा गावातलाच मुकादम. सामान आमचं, मजुरी हजेरीवर. कागद वगैरे काही नाही. 'बघू हो, होईल.' घराच्या कुंपणाचा गडगा त्यानेच घातला, तो मात्र देखणा आहे.

तिसरा चिपळूणकडचा. साडेनऊ लाखांपर्यंत जातोय, पण चार पानं भरून बाबवार दर दिलेत. वर मला ऐकवून गेला की भिंतीआधी वरच्या अंगाला गटार केलं नाहीत तर भिंतीचं काम मी घेणार नाही. घरातल्यांचं मत, माणूस जरा उद्धट आहे.

पुण्याहून दर आठवड्याला जाणं जमणार नाही. आगाऊ रक्कम किती द्यावी, लिहून काय घ्यावं, माणूस पारखावा कसा? पुढच्या पावसाआधी निदान भिंत आणि वाट व्हायला हवी.

---

शंकासुर | १२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

लॅपटॉपवाल्याला एकच विचारा: त्या चित्रात पाऊस पाडून दाखवता येतो का?

---

पाटबंधारे_निवृत्त | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

शंकासुरांनी गमतीत म्हटलं तरी प्रश्न तोच आहे. तिघांपैकी पाण्याबद्दल आपणहून बोलला तो एकटा तिसरा. उद्धट असेल, पण त्याला काम कळतं.

थोडा हिशेब करू. तुमच्या घराच्या वरच्या अंगाला सहा हजार चौरस फूट उतार धरा. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत दिवसाला शंभर मिलीमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या एका दिवसात त्या उतारावर पंचावन्न हजार लिटर पाणी पडतं. दहा हजारांचे पाच-साडेपाच टँकर. यातलं काही मुरेल, बाकीचं खाली येईल आणि जे मुरेल तेही सावकाश तुमच्या भिंतीमागेच येऊन थांबेल.

भिंत कोरड्या मातीने सहसा पडत नाही. मागे पाणी तुंबलं की पडते. मातीचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो: तीन फुटांची भिंत सहा फुटांची केली की दाब चौपट होतो आणि भिंत उलथवण्याचा जोर आठपट. म्हणून 'तीन फुटाची भिंत केलीय ना तिकडे, तशीच उंच करू' असं म्हणणारा माणूस कितीही गोड असला तरी त्याला नमस्कार करा.

सहा फुटांना नुसत्या दगडी वजनावर उभी राहणारी भिंत घ्यायची तर पायथा उंचीच्या निम्म्याहून जास्त रुंद लागतो, म्हणजे साडेतीन-चार फूट. वर निमुळती होत जाते. पाया लाल मातीत नाही, खालचा घट्ट थर लागेपर्यंत. भिंतीत दर चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइप, तोंड बाहेरच्या बाजूला किंचित खाली. पाइपांच्या मागे खडीचा थर, आणि खडी व माती यांच्यामधे जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती वाहून येऊन पाइप बुजत नाहीत. हे पाइप कागदावर दाखवतात, गवंडी लावतोही, पण मागे खडीच्या जागी उकरलेली मातीच ढकलली जाते. बाहेरून भिंत अगदी तशीच दिसते.

एकेरी चिऱ्याची (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची) नऊ इंची भिंत हे कुंपण झालं. ती माती धरत नाही. सहा फुटांच्या भिंतीचा नकाशा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सहीनिशी घ्या, कोणालाही काम दिलंत तरी. त्याची फी या सगळ्या खर्चात किरकोळ आहे.

आणि गाड्यांची जागा भिंतीच्या माथ्याजवळ येत असेल तर इंजिनिअरला सांगा. भरलेल्या टँकरचं वजन त्याच्या हिशेबात यायला हवं.

---

अंगणवेडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

काकांच्या भिंतीच्या मुद्द्याला अनुमोदन. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, बहुतेक कामं पुणे-सातारा भागात आणि थोडी कोकणात. मी फरसबंदीबद्दल लिहिते.

तुमची तीन अंदाजपत्रकं ही तीन वेगळ्या कामांची आहेत, म्हणून ११ आणि साडेनऊ यांची तुलना करून काही कळणार नाही. आधी कामाची यादी तुमची हवी: काय, किती, कशाचं, कोणत्या मापाने. तीच तिघांना द्या आणि दर भरून मागा. पुणेवाला दर भरायला तयार झाला नाही तर तेही उत्तरच आहे.

'पेव्हिंग' या एका शब्दात काय काय लपतं बघा. काँक्रीटच्या पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्याप्रमाणे बागेतल्या वाटेला ५० मिमी जाडीचा एम-३० (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) चालतो, गाड्या उभ्या राहणार तिथे ६० मिमीचा एम-३५, आणि त्याहून जड वाहतुकीला ८० मिमीचा एम-४०. तुमच्याकडे टँकर येणार म्हणजे त्या पट्ट्यात ८० मिमीच. अंदाजपत्रकात 'डिझायनर पेव्हर' लिहिलं असेल तर साइटवर काय येईल ते देव जाणे.

पण ब्लॉक हा शेवटचा थर. फरसबंदी खचते ती खालून. माती काढून तळ दाबलेला हवा, त्यावर खडी-मुरूम थराथराने पाणी मारून रोलरने किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला, त्यावर वाळूची गादी एक ते दीड इंच, बस्स. तळ नीट न करता वाळू तीन-चार इंच टाकून सपाटी आणणारे खूप आहेत. त्या दिवशी अंगण आरशासारखं दिसतं, पहिल्या पावसात चाकाच्या रेघा उमटतात. कडेला काँक्रीटमधे बसवलेला कर्ब लागतो, नाहीतर ब्लॉक बाहेरच्या बाजूला सरकत जातात.

उतार: दहा फुटांना दोन इंच, घरापासून दूर जाणारा. काम चालू असताना नळीची लेव्हल धरून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. ज्याला घाई असते तो 'अंदाजाने दिलाय' म्हणतो.

आईंसाठी पायऱ्या सहा इंचांहून उंच नकोत, पाऊल ठेवायला निदान बारा इंच, आणि एका बाजूला सलग कठडा. गुळगुळीत कोटा किंवा पॉलिशचा ग्रॅनाइट बाहेर अजिबात लावू नका. सावलीतल्या चिऱ्यावर कोकणात शेवाळ धरतं, त्यामुळे चिऱ्याच्या पायऱ्या ऊन येईल अशाच ठिकाणी. पुढचं एक फार कमी जण सांगतात: शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मजूर ॲसिड ओततात आणि दगडाचा वरचा थरच खाऊन टाकतात. करारात लिहा की ॲसिड वापरायचं नाही.

---

उतारावरचं घर | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

काका, ताई, खूप आभार. पुणेवाल्याला रात्रीच विचारलं. भिंतीच्या पाइपांबद्दल म्हणाला, 'सर, ते आमची टीम साइटवर ठरवते.' पेव्हरची जाडी विचारली तर रंगांचा कॅटलॉग पाठवला.

आणि हो, त्याच्या आराखड्यात गाड्यांसाठी एक फणस आणि एक किंजळ काढलेलं दाखवलंय. माझ्या ते आत्ता लक्षात आलं.

---

बकुळफूल | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:००

थांबा! आंबा, फणस, जांभूळ, खैर, किंजळ, ऐन ही झाडं स्वतःच्या जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. 'बघून घेऊ साहेब' म्हणणारा ठेकेदार करवत घेऊन निघून जातो, नोटीस जागामालकाच्या नावावर येते.

किंजळ काढून तिथे अरेका पाम लावणाऱ्याला मी तर गेटच्या आत घेतलं नसतं.

---

सोसायटी_सचिव | १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

पुण्यातल्या आमच्या सोसायटीने अंतर्गत रस्ता आणि बाग केली तेव्हाचं सांगतो. भांडणं भरपूर झाली, पण काम टिकलं.

पैसे. आगाऊ निम्मे हे ऐकूनच मी उठलो असतो. आम्ही दहा टक्के दिले आणि तेही साइटवर सामान उतरल्यावर. पुढचं बिल झालेल्या कामाची मापं घेऊन, दर पंधरवड्याला. शेवटचे दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत आमच्याकडे. जुलैत दोन ठिकाणी ब्लॉक बसले. एका फोनवर माणसं आली, कारण पैसे आमच्याकडे होते.

जीएसटी. एका ठेकेदाराने १८ टक्के लावून अंदाजपत्रक दिलं. त्याचा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला तर नोंदणी रद्द झालेली. कोणालाही दोन मिनिटांत बघता येतं. आणखी एक, कंपोझिशन योजनेतला (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या, ठराविक दराच्या जीएसटीतला) ठेकेदार ग्राहकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. लहान ठेकेदार नोंदणीकृत नसला तर त्यात काही गैर नाही, पण मग त्याने कराची ओळ घालू नये.

मापं. खडी, वाळू, मुरूम ब्रासवर येतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गाडी रिकामी होण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि भरावाची उंची फुटांत मोजा, गुणाकाराला शंभराने भागा. आमच्या वॉचमनला टेप दिली आणि वहीत लिहायला लावलं. पहिल्या दोन गाड्यांनंतर 'पाच ब्रास' खरोखर पाच ब्रास यायला लागले.

---

चिरेखाण | १३ ऑक्टोबर, रात्री ८:४५

मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतो. वाचत होतो, म्हटलं आमची बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

दहा टक्के आगाऊ घेऊन भिंत सुरू करा म्हणता. चिऱ्याच्या खाणीवर आम्हाला उधार मिळत नाही. गाडी भरायच्या आधी पैसे. मजुरांना उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्याकडे जातात. म्हणजे मालकाच्या कामात ठेकेदाराचे पैसे अडकतात. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की चिरा, सिमेंट, खडी यांचे पैसे मालकाने थेट दुकानात आणि खाणीवर द्यावे, बिल स्वतःच्या नावाने घ्यावं. मग आम्हाला आगाऊ फक्त मजुरीचं लागतं. माझी चांगली गिऱ्हाइकं असंच करतात आणि दोघंही सुखात राहतो.

दुसरं, गिऱ्हाइकाचा विचार बदलतो. पायऱ्या पूर्वेला ठरतात, मुंबईची मामी येते, पायऱ्या उत्तरेला जातात. तोडायचा खर्च कोणाचा? शेवटच्या बिलाला सगळे म्हणतात, 'अहो तेवढं तर त्यातच धरलं होतं ना.' बदल झाला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दर लिहून 'मंजूर' घ्यायचं. मालकाला राग येतो, पण नंतरचं भांडण वाचतं.

तिसरं, वेळ. शिमग्याला माणूस मिळत नाही. कर्नाटकातले मजूर त्यांच्या सणांना आणि पेरणीला जातात. मे महिन्यात सगळ्या चाकरमान्यांना एकदमच काम हवं असतं. भिंत पावसाआधी हवी असेल तर दिवाळीनंतर लगेच सुरू करा, मार्चपर्यंत संपवा. एप्रिलमधे बांधकामाला मारायला पाणी कुठून आणणार? विहीर तळाला गेलेली असते. बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारायचं, आणि हल्ली मिळतं ते पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असलं तर दहा दिवस. पाणी कोणाचं, टँकरचे पैसे कोणाचे, वीज कोणाची, हे कोणीच लिहून घेत नाही आणि निम्मी भांडणं तिथेच होतात.

चिरा घेताना: खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. ताजा लगेच बांधायला घेऊ नका, महिनाभर रचून ठेवा. पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या गाठी दिसत असलेला बाजूला काढा, पावसात त्या गाठी धुऊन जातात आणि भोकं पडतात. दर नगावर असतो आणि माप खाणीगणिक बदलतं, म्हणून नगाचा दर विचारताना मापही विचारा. रस्त्यावरून तुमच्या जागेत मोठी गाडी उतरत नसेल तर डबल हमाली लागते. ती कोणाकडे, तेही आधीच बोला.

---

न्यूजर्सीकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

आमचं घर गुहागरजवळ, आम्ही इथे. इथल्या अंगणाचं कामही करून घेतलं आणि तिथलंही, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला राज्याकडे नोंदणी करावी लागते, पाचशे डॉलरच्या वरचा करार लेखी असावा लागतो आणि कराराची प्रत हातात आल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही तो मोडू शकता. म्हणून काही इथे सगळे संत नाहीत. पण भांडायला कागद असतो.

गुहागरला कागद आम्हीच तयार केला. मुख्य अट एकच होती: जे झाकलं जाणार त्याचा फोटो झाकण्याआधी. पायाचा खड्डा, मागची खडी, कापड, सोलिंग (तळाचा दगडांचा थर), पाइप. प्रत्येक फोटोत टेप उलगडलेली दिसली पाहिजे. फोटो नाही तर त्या टप्प्याचे पैसे नाहीत. शिवाय गावाजवळच्या एका निवृत्त इंजिनिअरना दर भेटीचे पैसे देऊन ठेवलं. ठेकेदाराला सुरुवातीला अपमान वाटला, मग त्यालाच ते सोयीचं झालं. नंतर 'हे केलंच नाही' असं आम्हाला म्हणता येईना.

---

शंकासुर | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

नोंदणी आपल्याकडेही असते की. गाडीच्या मागे मोठ्या अक्षरात: 'आईवडिलांची पुण्याई'.

---

सातबारा | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

भरावाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. भिंत झाली की मागे भराव लागणार, ठेकेदार म्हणणार 'लाल मुरूम स्वस्तात आणतो'. स्वस्त असतो कारण बऱ्याचदा रात्री येतो. मुरूम हे गौण खनिज आहे, स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलेलं असावं लागतं आणि गाडीबरोबर वाहतूक पास असावा लागतो. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तलाठी तुमच्या प्लॉटवर ढीग बघतो, पंचनामा करतो, आणि विचारणा सातबारावर नाव असलेल्या माणसाला होते. प्रत्येक गाडीच्या पासाची प्रत घेऊनच पैसे द्या.

पायाच्या खोदाईतली माती आवारातच वापरली तर बाहेरून आणायला कमी लागतं. तिसऱ्याच्या चार पानांत खोदलेल्या मातीचं काय करायचं ते लिहिलंय का बघा.

---

सोसायटी_सचिव | १४ ऑक्टोबर, दुपारी २:००

चिरेखाण, सामान मालकाने घ्यायचं हे पटतं. पण मग ब्लॉक खचले की ठेकेदार म्हणतो 'सामान तुमचंच होतं'. हे आमच्याकडे होऊन गेलंय.

---

चिरेखाण | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

म्हणून सामान उतरताना ठेकेदाराने बघून सही करायची. खराब असेल तर तिथेच परत. सही केली की ते त्याचं. आणि दहा टक्के पावसाळाभर अडकवायला माझी ना आहे. पाच टक्के ठेवा, पण ऑक्टोबर उजाडताच द्या. मालक लोक दसऱ्याला म्हणतात दिवाळीला, दिवाळीला म्हणतात पुढच्या फेरीत.

---

पाटबंधारे_निवृत्त | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

भिंतीवर दहा, बाकीवर पाच. तारीख करारात लिहा, ३० सप्टेंबर. दोघांनाही बांधील.

---

अंगणवेडी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

माणूस पारखण्याबद्दल राहिलं. जुनी कामं दाखवा म्हटलं की सगळे गेल्या महिन्यातलं दाखवतात. त्यात बघण्यासारखं काही नसतं, नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. निदान दोन पावसाळे खाल्लेलं काम मागा. तिथे भिंतीच्या पाइपांखाली पाण्याचे ओघळ दिसतायत का बघा. ओघळ असले तर पाइप चालतात. भिंत कोरडी आणि पाइपांची तोंडं स्वच्छ, तर मागे काहीतरी बुजलंय. भिंतीच्या माथ्यावरून नजर लावा, पोट बाहेर आलेलं लगेच कळतं. पेव्हरच्या कडा, झाकणांच्या भोवतालचे कापलेले तुकडे, पायरीवर साचलेलं पाणी. आणि घरमालकाशी ठेकेदार जवळ नसताना बोला. 'काम कसं केलं' विचारण्यापेक्षा 'नंतर बोलावल्यावर आला का' हे विचारा.

---

उतारावरचं घर | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

दिवाळीला गावी होतो, तेव्हा सगळं करून आलो. लांबण लागेल, सोसून घ्या.

ताईंच्या सल्ल्याप्रमाणे यादी आमची बनवली. पुणेवाल्याने बाबवार दर द्यायला नकार दिला, वर 'आम्ही अशा पद्धतीने काम करत नाही' असा निरोप. तो विषय संपला.

चिपळूणकराने जुन्या भिंती दाखवल्या. एक खेडच्या बाजूला, तीन पावसाळे झालेली. पाइपांखाली तांबडे ओघळ होते, माथा सरळ. घरमालकीणबाई म्हणाल्या, 'बोलायला फटकळ आहे, पण गेल्या वर्षी गटार तुंबलं तेव्हा स्वतः फावडं घेऊन आला.' घरातल्यांचा उद्धटपणाचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. त्याच्याच एका दुसऱ्या कामावर पायऱ्या काही मला आवडल्या नाहीत, उंची एकसारखी नव्हती. तसं त्याला सांगितलं. म्हणाला, तो गवंडी आता माझ्याकडे नाही.

ठरलंय असं: वरचं गटार, भिंत आणि गाड्यांची जागा चिपळूणकराला, मापावर. भिंतीचा नकाशा दापोलीतल्या इंजिनिअरकडून झाला. पायथा पावणेचार फूट आलाय. फणस आणि किंजळ जागेवर, गाड्या एकामागे एक लागतील. वाट, पायऱ्या आणि राहिलेला गडगा गावच्या मुकादमाला, कारण चिऱ्यात त्याच्या हाताला तोड नाही. मात्र हजेरीवर नाही, उक्तं, म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे. पायऱ्यांचं माप काढून दिलंय: सहा इंच, चौदा इंच, एकही कमीजास्त नाही. त्याला लेखी करार नको होता. मग मराठीत एक पान लिहून वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाला, 'एवढंच होय!' आणि सही केली.

चिपळूणकराचा करार पाचशेच्या मुद्रांकावर. सामान आमच्या नावाने, उतरताना त्याची सही. पाणी आमचं, पण १५ मार्चनंतर काम त्याच्यामुळे लांबलं तर टँकर त्याचा. हे कलम त्यानेच सुचवलं, मला आश्चर्य वाटलं. झाकण्याआधी फोटो. मुरमाचे पास. ॲसिड नाही.

---

सोसायटी_सचिव | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

उत्तम. पण दोन ठेकेदार म्हणजे एकमेकांवर ढकलाढकल. पायऱ्यांच्या तळाशी पाणी साचलं तर तो म्हणेल गटार चुकलं, हा म्हणेल पायऱ्यांनी अडवलं. दोघांना एकाच दिवशी जागेवर उभं करा आणि कुठे एकाचं संपतं नि दुसऱ्याचं सुरू होतं तिथे चुन्याची रेघ मारा. पातळीही ठरवून घ्या.

वेळ आली तर: असलं काम ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवा म्हणून धरतात. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. ही वेळ येऊ नये, पण पावत्या जपून ठेवा. रोखीने दिलेल्या पैशांना साक्षीदार नसतो.

---

बकुळफूल | १० नोव्हेंबर, सकाळी ७:४०

बागेचं काय ठरलं? लॉन नका हो करू. बाहेरून 'लाल बागेची माती' आणली की तिच्याबरोबर लव्हाळा येतो आणि मग जन्मभर तोच उपटत बसायचं.

---

उतारावरचं घर | १० नोव्हेंबर, सकाळी ९:००

लॉन रद्द. झाडं जूनच्या पहिल्या पावसात आपणच लावायची. आंबा-कोकमाची कलमं दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून, गेटजवळ बकुळ आणि सुरंगी. भिंतीच्या जवळ मोठं काही नाही, काकांनी फोटो बघून तसं कळवलंय.

एक शंका आहे. मुकादम म्हणतो गडग्यातून आणि पायऱ्यांतून फुटका चिरा बराच निघेल, तो भिंतीमागे भरायला देऊ, खडीचे पैसे वाचतील. चालेल का?

---

चिरेखाण | १० नोव्हेंबर, दुपारी १:१५

भरतात आमच्याकडे बरेच जण. वाहणारं पाणी कमी असेल तर चालून जातं.

---

पाटबंधारे_निवृत्त | १० नोव्हेंबर, दुपारी ४:३०

सहा फुटांच्या भिंतीमागे नको. फुटक्या चिऱ्याबरोबर त्याची भुकटी येते, आणि पावसाळे गेले की मऊ तुकडे आणखी झिजतात. तो सगळा गाळ कापडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे थेट पाइपांच्या तोंडाशी जमतो. तिथे काळ्या दगडाची खडीच, धुतलेली, ४० मिमीच्या आसपासची. फुटका चिरा वाटेच्या तळाला घाला, दाबून छान बसतो.

---

उतारावरचं घर | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

बरं. चिरा वाटेखाली, काळी खडी भिंतीमागे. दोन्ही करारांत एकेक ओळ वाढवतो. खोदाई सोमवारी सुरू होतेय, पायाच्या खड्ड्याचे फोटो आले की इथेच टाकीन. काका, घट्ट थर लागलाय की नाही ते बघून सांगाल?

---

पाटबंधारे_निवृत्त | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६:२०

फोटोवरून अर्धंच कळतं. पहार मारताना खण्ण वाजते का, त्याचा व्हिडिओ पाठवा. आणि इंजिनिअरने स्वतः खड्डा बघितल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.